काटा अडला तरी वारी अडत नाही

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

"मी खानापूर तालुक्यात, जांबोटी रस्त्यावरच्या एका गावात राहते. वय ३६. मे महिन्यात बेळगावात वजन उतरवण्यासाठी पोट लहान करायचं, म्हणजे स्लीव्हचं, ऑपरेशन झालं. तेव्हा वजन ११२ किलो होतं, आता ८८ आहे. सुरुवातीला काटा भराभर खाली आला, पण गेले तीन आठवडे ८८ वरून हलायला तयार नाही. केस मूठमूठ गळतात. एवढा खर्च करून ऑपरेशन फुकट गेलं की काय, असं रात्री मनात येतं. जेवण वाटीभरच होतं, पण चहा पाच-सहा वेळा होतो आणि चहाबरोबर टोस्ट. सासूबाई म्हणतात, 'असं चिमणीएवढं खाऊन बाई जगणार कशी?' डॉक्टरांना न सांगितलेली एक गोष्ट आहे : मी लग्नाआधीपासून दातांना तंबाखूची मिश्री लावते. मनात दोन गोष्टी आहेत. पुढच्या कार्तिकीला गावच्या दिंडीबरोबर पंढरपूरला चालत जायचं आणि माळ घालायची. दुसरं म्हणजे, मुलगी नऊ वर्षांची झाली, आणखी एक मूल व्हावं असं वाटतं. यातलं काय जमेल, कसं जमेल?"

ताई,

आधी आकडा बघू. ११२ वरून ८८ म्हणजे सात महिन्यांत २४ किलो, मूळ वजनाच्या २१ टक्के. स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात साधारण पाव हिस्सा वजन उतरतं, कुणाचं थोडं जास्त. त्या हिशेबाने तुमचं नीट चाललंय. तीन आठवडे काटा थांबणं हे या वाटेवर दोन-तीनदा होतंच. ८८ किलोच्या शरीराला ११२ किलोच्या शरीराइतकं इंधन लागत नाही, त्यामुळे उतरण्याचा वेग मंदावतो. त्यात पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं, पोट साफ नसलं तरी किलो-अर्धा किलो इकडेतिकडे होतो. रोज काट्यावर चढणं बंद करा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर वजन करा. पंधरा दिवसांतून एकदा बेंबीच्या रेषेत टेपने कंबर मोजा. काटा थांबलेला असताना कंबर कमी होत असेल, तर काळजीचं कारण नाही. दीड महिना दोन्ही हललं नाही, तर मात्र आहाराची वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

वहीची गोष्ट निघालीच आहे, तर तुमच्या पत्रातला खरा मुद्दा चहा-टोस्टचा आहे. लहान कपात दोन लहान चमचे साखर धरली तर ८ ते १० ग्रॅम होते. सहा कपांत ५० ते ६० ग्रॅम, म्हणजे दोनशेच्या वर कॅलरी नुसत्या साखरेच्या, दूध वेगळंच. दर चहाला दोन टोस्ट धरले तर शंभरेक कॅलरी, सहा वेळांच्या सहाशे. तुमची दोन्ही जेवणं मिळून एवढ्या कॅलरी होत असतील की नाही, शंका आहे. ऑपरेशनने पोटाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढला, म्हणून घट्ट अन्न थोडं खाल्लं तरी पोट भरतं. अर्धी वाटी मटकीची उसळ तीन तास टिकते. पण चहात बुडवलेल्या टोस्टची तोंडातच पेज होते आणि ती अरुंद पोटातून सरळ खाली निघून जाते. चुरमुऱ्याचा चिवडा, शेव, बिस्किटं, खारी, कुंदा, आइस्क्रीम या सगळ्यांचं तसंच. यातलं काहीही पोट भरल्याची जाणीव न होता तासभर खाता येतं, आणि स्लीव्ह झालेल्यांचं वजन दोन वर्षांनी परत चढतं ते बहुतेकदा याच खाण्यामुळे.

काढलेल्या भागात भुकेचं संप्रेरक, घ्रेलिन, तयार होत होतं. म्हणून सध्या भूक कमी आहे. वर्ष-दीड वर्षाने ती हळूहळू परतते. तोवरचा काळ सवयी बसवण्याचा आहे, आणि त्यातले सात महिने गेले. चहा एकदम तोडू नका, डोकं दुखेल आणि चार दिवसांत परत सुरू होईल. या आठवड्यापासून टोस्ट घरात आणायचा नाही. चहा आधी चारवर, मग दोनवर. साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी. दुपारी चारच्या चहाची वेळ सगळ्यात अवघड जाते, कारण तेव्हा खरी भूक असते. त्या वेळी मूठभर फुटाणे चावून खा आणि चहा अर्ध्या तासाने घ्या. जेवताना आणि जेवल्यावर अर्धा तास पाणी, ताक, चहा काहीच नको. द्रव पदार्थ अन्नाला पुढे ढकलतो, पोट लवकर रिकामं होतं, नाहीतर ताण येऊन उलटी होते.

आता सासूबाई. त्यांची काळजी खोटी नाही. वाटीभर भात-आमटी खाऊन दिवस काढलात तर चरबीबरोबर स्नायूही झिजतील, आणि केसांचा प्रश्नही त्यातूनच वाढतो. त्यांना समजावत बसण्यापेक्षा त्यांच्याकडे एक काम सोपवा : दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनांचा हिशेब. ६० ते ८० ग्रॅम हे तुमचं रोजचं लक्ष्य. ताटात आधी प्रथिनांचा पदार्थ, मग भाजी, भाकरी-भात शेवटी आणि जागा उरली तर. सकाळी दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम. साडेदहाला २०० मिली दुधात दूध पावडरचे दोन मोठे चमचे (साधारण १५ ग्रॅम) ढवळले तर ११. दुपारी अर्धी वाटी घट्ट डाळ किंवा उसळ आणि ५० ग्रॅम पनीर, मिळून १४-१५. ज्या दिवशी कोंबडी शिजेल त्या दिवशी हाडाशिवायचे साठेक ग्रॅम मऊ शिजलेले तुकडे पनीरच्या जागी. संध्याकाळी २५ ग्रॅम फुटाणे म्हणजे ५, किंवा प्रोटीन पावडरचा अर्धा स्कूप म्हणजे १२. रात्री २० ग्रॅम कोरडे सोयाचंक भिजवून, पिळून, बारीक करून केलेली भाजी १० ग्रॅम आणि १०० ग्रॅम दही ३. बेरीज साठीच्या जवळ पोचते. पावडर औषध म्हणून रोज घ्यायलाच हवी असं नाही. ज्या दिवशी बेरीज कमी पडते त्या दिवसासाठी डबा घरात असू द्या.

हुलगे आपल्याकडे बैलांसाठी आणि सर्दीच्या कढणापुरते उरलेत, ही चूक आहे. १०० ग्रॅम कोरड्या हुलग्यांत वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. भाजून दळलेल्या पिठाचं माडगं, गूळ न घालता, मीठ-जिरं-लसणाचं, घट्टसर करा. पातळ केलं की तेही चहा-टोस्टसारखं वाहून जातं. नाचणीची आंबील कॅल्शियमसाठी चांगली, पण पोटभर आंबील पिऊन जेवण झालं असं समजू नका, तिच्यात प्रथिनं थोडीच.

घास करंगळीच्या पेराएवढा, वीस-पंचवीस वेळा चावून. जेवणाला वीस मिनिटं, अर्ध्या तासाहून जास्त नाही. छातीखाली दाब आला, उचकी लागली किंवा नाकातून पाणी सुटलं की तिथेच थांबायचं. शेवटचा घास ताटात राहिला तरी चालेल. लग्नाच्या पंगतीत हुग्गी आणि बुंदी वाढायला येतातच. पानाऐवजी वाटी मागून घ्या, आधी डाळ-भाजी, मग गोडाचा एक चमचा. सगळ्यांना ऑपरेशनची कहाणी सांगायची गरज नाही, "पोटाचं पथ्य आहे" एवढं पुरे. रिकाम्या पोटी गोड खाल्लं आणि अर्ध्या तासात घाम, धडधड, जुलाब झाले, किंवा दोन-अडीच तासांनी हातपाय थरथरून गळून गेल्यासारखं झालं, तर ते गोडाचंच काम आहे. हा त्रास पोटाचं बायपास ऑपरेशन झालेल्यांना जास्त होतो, स्लीव्हवाल्यांनाही चुकत नाही.

गोळ्यांबद्दल पत्रात एक अक्षर नाही. याचा अर्थ बहुधा त्या सुटल्या आहेत. बरं वाटायला लागलं की चौथ्या-पाचव्या महिन्यात पाकीट संपतं आणि नवीन आणलं जात नाही. या गोळ्या जन्मभराच्या. मल्टिव्हिटॅमिन रोज. बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन, कारण बी-१२ शोषून घ्यायला लागणारा घटक पोटाच्या काढलेल्या भागातच जास्त बनायचा. पाळी येणाऱ्या बाईला लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम. कॅल्शियम अन्न आणि गोळ्या मिळून १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५०० ते ६०० पेक्षा जास्त नाही. दुकानदार कॅल्शियम कार्बोनेट देईल, स्वस्त असतं. ते विरघळायला पोटात आम्ल लागतं आणि तुमच्याकडे ते कमी झालंय. सिट्रेट मागा. पाकिटावर '१००० मिलिग्रॅम कॅल्शियम सिट्रेट' लिहिलेलं असतं, त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम २१० च्या आसपासच असतं, म्हणून बारीक अक्षरातला आकडा बघा. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर दोन्ही नीट शोषलं जात नाही, मध्ये दोन तास हवेत. चहा लोहाला अडवतो, त्याच्या आगेमागे तासभर तरी लोह नको. सोपी वाटणी अशी : नाश्त्यानंतर मल्टिव्हिटॅमिन, अकराला आणि साडेचारला कॅल्शियम, झोपताना लोह लिंबाच्या चार थेंबांच्या पाण्याबरोबर. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची सॅशे शेजारीण दर आठवड्याला घेते म्हणून आपणही घ्यायची नाही. आधी रक्तातलं प्रमाण बघून डॉक्टर किती आठवडे ते ठरवतात.

सहा महिन्यांची तपासणी झाली नसेल तर याच महिन्यात करा : हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड, अल्ब्युमिन, यकृत, थायरॉइड, साखरेची तीन महिन्यांची सरासरी. पुढे बाराव्या महिन्यात आणि मग दर वर्षी. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते.

केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळायला लागतात. ऑपरेशनचा आणि झपाट्याने उतरलेल्या वजनाचा धक्का बसला की बरेच केस एकदम विश्रांतीला जातात आणि तीन महिन्यांनी सुटतात. मुळं जिवंत असतात, वर्षाच्या आत बहुतेकांचे परत येतात. नववा महिना उलटूनही गळती तशीच राहिली तर फेरिटिन, झिंक आणि प्रथिनं तपासायची. बायोटिनच्या महागड्या गोळ्यांवर पैसे घालू नका. घेत असाल तर थायरॉइडची तपासणी असेल त्याच्या दोन-तीन दिवस आधी थांबवा, त्या गोळीने रिपोर्ट खोटा येतो.

आता मिश्री. निपाणी पट्ट्यात तंबाखू पिकतो आणि आपल्या भागात कितीतरी घरांत तव्यावर भाजून मिश्री होते. आजी लावायची, आई लावायची, म्हणून तिला कुणी व्यसन म्हणत नाही आणि डॉक्टरांनी "तंबाखू खाता का?" विचारलं की बायका "नाही" म्हणतात. तुम्ही पत्रात लिहिलंत, तसंच पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. ते रागावले तरी सांगा. मिश्रीची लाळ थोडीफार गिळली जातेच. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, पोटाचं अस्तर भरून यायला वेळ लागतो, जखमा होतात. अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते आणि आम्ल वर येतं. स्लीव्हनंतर आम्लपित्त तसंही वाढतं, त्यात ही भर. तोंडाच्या कॅन्सरचं वेगळं सांगायला नको. आणि दुसरं मूल हवं असेल तर तंबाखूने पोटातल्या बाळाचं वजन कमी राहतं.

सोडायची कशी? आधी तीन दिवस नुसती नोंद करा : किती वेळा, कधी, कशानंतर. बहुतेक बायकांची सकाळची पहिली आणि जेवणानंतरची घट्ट बसलेली असते, मधल्या वेळच्या नुसत्या हाताला चाळा म्हणून. मधल्या आधी तोडा, दर तीन-चार दिवसांनी एक. सकाळची शेवटी. पंधरा-वीस दिवसांवर एक तारीख ठरवा आणि त्या दिवशी डबी घराबाहेर. जाऊबाई किंवा सासूबाई लावत असतील तर निदान तुमच्यासमोर नको, असं स्पष्ट बोला. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणं हे होईल, तीन-चार आठवड्यांत ओसरतं. तलफ पाच-दहा मिनिटांची असते. तेवढ्यात ब्रशने दात घासा, दोन घोट पाणी प्या, अंगणात चक्कर मारा. तोंडात काहीतरी हवं म्हणून साखर किंवा बडीशेप-गोळ्या चघळायला लागलात तर एक जाऊन दुसरं येईल.

सगळ्यात जास्त बायका परत मिश्रीकडे वळतात त्या "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" म्हणून. यात तथ्य आहे. निकोटिन आतड्यांना चाळवतं, ते बंद झालं की मलावरोध होतो. तुमचं खाणं कमी, पाणी कमी आणि लोहाची गोळी, म्हणजे कारणं तीन आणखी. सकाळी कोमट पाणी घोटघोट २०० मिली, दिवसभरात दीड ते दोन लिटर, भाजी दोन्ही वेळा, आणि चालणं. इसबगोलाला ताबडतोब भरपूर पाणी लागतं, तुमच्या पोटात ग्लासभर पाणी एकदम मावत नाही, आणि अर्धवट फुगलेलं इसबगोल अडकतं. म्हणून ते स्वतःहून सुरू करू नका, डॉक्टर दुसरं सौम्य औषध देतील. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवाही आहे : १८००-११-२३५६.

वारीचं बोलू. अकरा महिने हाताशी आहेत, पण सगळे कामाचे नाहीत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत जांबोटी-खानापूरच्या पावसात रस्त्याने लांब चालणं विसरा. म्हणून पाया आत्ता, डिसेंबर ते मे, घालायचा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. (दिंडीत अभंग म्हणत चालतात, म्हणजे तिथला वेग याहून कमीच.) रविवारी एक लांब चाल : ४ किलोमीटरने सुरुवात, दर पंधरवड्याला एक किलोमीटर वाढ, दर चौथ्या आठवड्यात थोडं कमी. फेब्रुवारीअखेर येळ्ळूरचा राजहंसगड पायथ्यापासून चालत चढून बघा. गुडघे काय म्हणतात ते चढताना नाही, उतरताना कळतं. दुसऱ्या दिवशी सूज आली तर अंतर दोन आठवडे वाढवायचं नाही. एप्रिल-मेमध्ये पहाटे सहाच्या आत निघा. मेच्या मध्यापर्यंत १२ किलोमीटर जमायला हवेत.

पावसाळ्यात घरात ताकदीचे व्यायाम, दिवसाआड. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस १० वेळा, असे तीन फेरे. भिंतीला टेकवलेल्या हातांनी दंड १०. पायरीवर टाचा उचलणं १५. पाण्याच्या लिटरच्या बाटल्या दोन हातांत घेऊन उचलणं, पुढे दोन किलोच्या तांदळाच्या पिशव्या. उतरलेल्या वजनात चौथ्या हिश्श्यापर्यंत स्नायू असू शकतो. नुसतं चालून तो भरून येत नाही, म्हणून हा भाग टाळू नका. जिना किंवा देवळाचा मंडप असेल तर तिथे रोजची अर्ध्या तासाची चाल चालू ठेवा.

सप्टेंबरच्या शेवटी परत रस्त्यावर : ८, १०, १२, १५ किलोमीटर. निघायच्या तीनेक आठवडे आधी एक परीक्षा घ्या, लागोपाठ दोन दिवस १५-१५ किलोमीटर. पहिला दिवस कुणालाही जमतो, दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय म्हणतात ते महत्त्वाचं. दिंडीत रोज वीसेक किलोमीटर होतात. परीक्षा जमली नाही तर सकाळचा टप्पा चालत आणि दुपारचा सामानाच्या टेम्पोतून, असं विणेकऱ्यांशी आधीच ठरवा. त्याने वारी कमी होत नाही.

बूट किंवा चप्पल ऑगस्टनंतर घ्या. वजन उतरल्यावर पाऊलही अर्धा-एक नंबर लहान होतं, जुनं पायताण सैल पडून फोड आणतं. मांड्यांच्या आत आणि पोटाच्या लोंबत्या कातडीखाली घासून खरचटतं, घामाने नायटा होतो. गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी आत घाला, मुक्कामावर ती जागा धुऊन पूर्ण कोरडी करा. कातडीच्या ऑपरेशनचा विचार वजन निदान सहा महिने एका जागी टिकल्यावर.

दिंडीतलं खाणं तुमच्या पोटाच्या सोयीचं नसतं. पोहे, शिरा, भात-आमटी, आणि दर मुक्कामाला गोड चहा. त्यात माळ घातली की अंडी, मासे, मटण सगळं बंद. हे जन्मभराचं, म्हणून वर दिलेल्या हिशेबातली अंडी-कोंबडी काढून ६० ग्रॅम जमतात का, हे माळ घालायच्या आधी दोन महिने करून बघा. पनीर, दूध पावडर, सोयाबीन, हुलगे, मूग यांवर जमतं, पण आपोआप नाही. आणि मग बी-१२ ची गोळी एक दिवसही चुकवून चालणार नाही. वाटेत फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि प्रोटीन पावडरच्या एकेक वेळच्या कोरड्या पुड्या पिशवीत ठेवा. पाणी तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट. लघवी गडद पिवळी झाली की कमी पडतंय. उसाचा रस नको. लिंबू-मीठ पाणी किंवा ओआरएस घोटघोट चालेल. रात्री जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही, झोपताना उशाशी पिशवी ठेवून डोकं उंच. एकादशीचा उपास करा, पण निर्जळी नको. साबुदाणा आणि रताळ्यांनी पोट भरू नका, दूध, दही, थोडं पनीर आणि राजगिरा घ्या.

मुलाचं तुम्ही विचारलंत. ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने थांबायचं असतं, कारण झपाट्याने वजन उतरताना बाळाला पुरेसं पोषण मिळत नाही. मे महिन्यापासून मोजलं तर कार्तिकीला अठरा महिने भरतात, म्हणजे वारी आधी आणि मूल नंतर, हा क्रम आपोआप बसला. तोवर संततिनियमन काटेकोर पाळा. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि आधी अवघड असलेली गर्भधारणा नको तेव्हा सहज होते. वारीहून आल्यावर फेरिटिन, बी-१२ आणि फॉलिक ॲसिड पुन्हा तपासून मगच प्रयत्न सुरू करा, आणि मल्टिव्हिटॅमिनमधलं अ जीवनसत्त्व बीटा-कॅरोटीनच्या रूपातलं आहे का, ते डॉक्टरांकडून बघून घ्या.

शेवटचं एक काम उद्याच करा. पाकिटात मावेल एवढं कार्ड लिहा, एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये. दिंडीची वाट दोन राज्यांतून जाते, आणि वाटेतला डॉक्टर कोणती भाषा वाचतो ते सांगता येत नाही. त्यावर ऑपरेशनचं नाव आणि तारीख, तुमच्या सर्जनचा फोन आणि तीन वाक्यं. एक : ब्रुफेन, डायक्लोफेनॅक अशी वेदनाशामकं देऊ नयेत, पॅरासिटामॉल चालेल. स्लीव्हमध्ये हा नियम बायपासइतका कडक नसला तरी मिश्रीच्या वर्षांनंतर तुम्ही तो कडकच पाळा. दोन : पोटात अचानक जोरदार दुखणं, काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाल्यास थेट मोठ्या रुग्णालयात न्यावं. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीकडे गेली तर पित्ताचे खडे असू शकतात, वजन झपाट्याने उतरताना ते होतात, तेव्हा सोनोग्राफी. तीन, आणि हे ठळक अक्षरात : दोन दिवसांहून जास्त उलट्या होत असतील, किंवा पाय बधिर पडून चालताना झोक जात असेल, तर ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिनचं (बी-१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन द्यावं. थायमिनशिवाय ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते, आणि लहान दवाखान्यात अशक्त माणूस आला की पहिली बाटली ग्लुकोजचीच लागते.